रुग्णाचें गाऱ्हाणें व आंकड्यांची साक्ष



रुग्णसेवा उत्तम चालली आहे कीं नाहीं, हें ठरवावें कोणीं? वैद्यानें, कीं खाटेवरील रुग्णानें? व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयाचा वृत्तान्त आम्हांस येथें सांगावासा वाटतो. तेथें प्रसूतीचे दोन विभाग होते. एकांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. १८४६ सालीं पहिल्यांत शेंकडा ११.४ माता दगावल्या, दुसऱ्यांत २.८. गोरगरीब स्त्रियांस हा भेद ठाऊक होता; पहिल्या विभागांत घालूं नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत. त्यांचें भय अडाणीपणाचें नव्हतें. आंकडेही तेंच सांगत होते.

डॉक्टर सेमेलवाइस यांनीं एकेक कारण तपासलें. अंतिम संस्कार घेऊन पांच दालनें ओलांडणाऱ्या धर्मगुरूपुढील घंटेनें बाया धास्तावतात, असाही तर्क निघाला. (आम्हां धर्मगुरूंवरही आळ आला तो असा!) घंटा बंद केली, वाट बदलली, मरण हटेना. १८४७ सालीं एक सहकारी शवविच्छेदनांत सुरी लागून तशाच विकारानें वारला, तेव्हां उलगडा झाला. प्रेतें चिरून आलेले हातच विष नेत होते! मे महिन्यापासून क्लोरिनच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम झाला. एप्रिलांत शेंकडा १८ वर गेलेलें मृत्यूचें प्रमाण १८४८ सालीं सव्वावर आलें. तरी वरिष्ठांस तें पटलें नाहीं. १८४९ सालीं सेमेलवाइस यांची नेमणूक पुढें चालविली गेली नाहीं.

आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्या आपल्या मंडळींस आमची विनंती आहे कीं, "बरें आहे ना?" एवढेंच विचारून उठूं नये. रात्रीं हांक दिल्यास कोणी येतें काय, पट्टी बांधणारे आधीं हात धुतात काय, हेंही विचारावें व तारखेसह वहींत टिपून ठेवावें.