हाताचे ज्ञान आणि विद्यापीठाचे दार



कारागिरीला विद्यापीठात जागा असावी काय, आणि असली तर ती कोणती, हा आजचा विषय आहे. कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने विद्यापीठाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण विद्यापीठाची इमारत गवंडी, सुतार आणि लोहार यांच्या हातांनीच उभी राहते. ती उभी झाल्यावर त्यांचे ज्ञान तेवढे दाराबाहेर का राहावे, हे आम्हाला उमगत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर बडोद्यास मिळाले होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी वाढलेला एक मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर आला. त्या सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये 'कलाभवन' स्थापन केले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेच्या सुतार घराण्यातले, आणि बडोदे कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला हे सारे एका छपराखाली आणि देशी भाषेत शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. गुजरातीत शास्त्रीय ग्रंथ तयार करण्यासाठी महाराजांनी ५०,००० रुपये मंजूर केले.

याची निकड का भासली? १८५६ मध्ये इंग्लंडात पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला. १८९७ मध्ये जर्मनीच्या कारखान्यातली कृत्रिम नीळ बाजारात आली. आमचा रंगारी नजरेने, वासाने, बोटांनी रंगाची पारख करीत असे. आता रंग डब्यातून येऊ लागला, आणि त्याची कृती डबा भरणाऱ्याच्या हाती गेली. रंगाऱ्याने रसायन शिकावे, नाही तर कापड बुचकळणारा हमाल व्हावे, असा तो प्रसंग होता. कलाभवनाने त्याला पहिली वाट खुली केली.

झाडाला फळेही आली. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले. १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी बडोद्यास अलेंबिकचा रासायनिक कारखाना काढला.

पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले आणि कलाभवन त्याची तंत्रविद्या शाखा बनले. मान वाढला, पदवी आली. पूल बांधायचा तर गणित हवेच. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण अभियांत्रिकीच्या पदवीचे शिक्षण इंग्रजीत गेले, आणि शाळा अर्धवट सुटलेल्या रंगाऱ्याच्या मुलाला ते दार अरुंद झाले. १९५० मध्ये त्याच विद्यापीठात ललितकला शाखा निघाली. तेथे बेंद्रे यांनी शिकविले. हातमाग मंडळात काम केलेले सुब्रमण्यन यांनीही शिकविले. कारागिरीला तेथे आसरा मिळाला. परंतु आसरा वेगळा आणि पंगतीतले पान वेगळे.

आम्ही हा भेद जवळून पाहिला आहे. एका गिरणीत धोट्याचे माग काढून बिनधोट्याचे माग बसविले. वीस-वीस वर्षे मागावर उभे राहिलेल्या, सूत तुटण्याआधी आवाजावरून ते ओळखणाऱ्या विणकरांना 'अकुशल' ठरवून हिशेब हाती दिला. त्यांच्या कसबाची नोंद कोणत्याच कागदावर नव्हती. ज्या ज्ञानाला कागद नाही, त्याला मजुरीही नाही आणि नोकरीचे संरक्षणही नाही. म्हणून विद्यापीठाचा प्रश्न हा आमच्या दृष्टीने पोटाचा प्रश्न आहे.

आता विद्यापीठांतले संशोधक कारागिराच्या दारी जातात, ही चांगली गोष्ट. पण प्रबंधावर नाव कोणाचे असते? कारागीर 'माहिती देणारा' एवढाच उरतो. हे बदलायचे तर तीन गोष्टी व्हाव्यात. ज्याच्याकडून विद्या घेतली, त्याचे नाव आणि मोबदला कागदावर यावा. कारागिराला शिक्षकाच्या खुर्चीवर, शिक्षकाच्या पगारावर बसवावे. आणि सायंकाळचे वर्ग त्याच्याच भाषेत, दहावी-बारावीची अट न घालता चालवावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये कलावंत आणि कारागीर यांना उच्च शिक्षणसंस्थांत अध्यापनासाठी घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. शब्द चांगले आहेत. पण परिपत्रक आपल्या पायांनी चालत नाही. त्याला मागून रेटणारी माणसे लागतात.

ती माणसे आपण आहात. आपल्या गावात तांबट असतील, कोष्टी असतील, बुरूड असतील. जवळच्या महाविद्यालयात जाऊन विचारा, यांपैकी कोणाला आपण शिकवायला बोलावले आहे? पगार काय ठरविला आहे? दहा जणांनी विचारले तर हसतील. पाचशे जणांनी विचारले तर उत्तर द्यावे लागेल, हा आमच्या संघटनेतला जुना अनुभव आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका संस्थानात जे होऊ शकले, ते स्वतंत्र देशात होणार नाही, असे मानायला आम्ही तयार नाही.