गिरणीतला नारायण



अनंत चतुर्दशीला आपण इंदूरकर रात्र जागून गिरण्यांच्या झांक्या पाहतो. गिरण्या बंद पडल्या, झांक्या राहिल्या. म्हणून आज आम्ही गिरणीतल्याच एका कवीबद्दल बोलणार आहोत.

नारायण सुर्वे. रस्त्यावर टाकून दिलेलं मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचललं, आपलं नाव दिलं, चौथीपर्यंत शिकवलं. पुढे गंगाराम कोकणात गेले आणि पोर मुंबईत एकटं उरलं. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणी कामगार, शाळेतला शिपाई. याच धबडग्यात कविता सुरू झाली. १९६२ साली पहिला संग्रह आला, ‘ऐसा गा मी ब्रह्म’. नाव बघा! ज्याला जन्मदाते ठाऊक नाहीत, तो स्वतःला ब्रह्म म्हणतो. आम्हाला वाटतं, जखम तिथेच भरत आली असावी. (पोट मात्र कवितेवर भरत नाही, त्यासाठी सुर्वे सातवी होऊन शिक्षक झाले.) १९९५ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

आपल्या घरांतही आज ठेक्यावर राबणारी मुलं आहेत. काहींच्या वह्या आम्ही चोरून वाचल्या आहेत. यंदाच्या कविसंमेलनात पाहुण्यांच्या आधी अर्धा तास त्यांना द्या, एवढंच आमचं कार्यकारिणीकडे मागणं आहे.