शस्त्रक्रियेनंतरचें नाक

नाकाची शस्त्रक्रिया होऊन रोगी घरीं आला म्हणजे घरांतील मंडळींस एक मोठी काळजी मिटल्यासारखें वाटतें. वर्षानुवर्षें ज्यांचें डोकें जड असे, ज्यांना रात्रीं तोंडानें श्वास घ्यावा लागे, ज्यांच्या उशाशीं रुमालांची चळत ठेवावी लागे, त्यांची आतां एकदाची सुटका झाली असें सर्वांस वाटतें. समाचारास येणारी मंडळी मोसंबीं पुढें ठेवून पहिला प्रश्न विचारतात, "मग, आतां नाक अगदीं मोकळें झालें ना?" पहिल्या आठवड्यांत या प्रश्नाचें उत्तर सोपें असतें, जखम अजून ओली आहे असें सांगतां येतें. परंतु पांचवा-सहावा आठवडा उजाडतो आणि तरीहि सकाळीं नाक चोंदलेलेंच असतें, घशाच्या मागच्या बाजूनें स्राव उतरतच असतो, कपाळ जड असतें, आणि फोडणीचा वास येत नाहीं. मग रोगी गप्प होतो, आणि घरांत कोणीतरी तें वाक्य उच्चारतें, "एवढा खर्च केला, एवढा त्रास सोसला, उपयोग काय झाला?"

या वाक्यानें पुष्कळ नुकसान होतें. निराशेच्या भरांत कोणी नाक धुणें सोडून देतो, कोणी डॉक्टरांकडे जाणें बंद करतो, कोणी औषधांच्या दुकानांतून नाक मोकळें करणारे थेंब आणून रोज रात्रीं घालूं लागतो, तर कोणी दुसऱ्या शस्त्रक्रियेची चौकशी आरंभितो. वास्तविक शस्त्रक्रिया फसली कीं काय, हें ठरविण्यापूर्वीं ती कशासाठीं केली होती हें समजून घेणें अवश्य आहे.

मनुष्याच्या चेहऱ्याच्या हाडांत पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. एक गालांच्या हाडांत, दुसरी कपाळांत, तिसरी दोन डोळ्यांच्या मध्यें मधाच्या पोळ्यासारखी बारीक कप्प्यांची, आणि चौथी नाकाच्या अगदीं मागें कवटीच्या तळाशीं. व्यवहारांत ज्यांना 'सायनस' म्हणतात त्या ह्याच पोकळ्या. गालांतील पोकळीचें सविस्तर वर्णन नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्यानें १६५१ सालीं केलें. या सर्व पोकळ्यांना आंतून एक नाजूक ओलसर अस्तर असतें, आणि त्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारी अतिसूक्ष्म लव असते. ही लव सेकंदाला दहा-बारा वेळां एकाच दिशेनें हालते व वरचा चिकट स्राव धुळीसह आणि जंतूंसह पोकळीच्या दाराकडे लोटीत नेते. मौज अशी कीं, गालांतील पोकळीचें दार तळाशीं नसून वरच्या बाजूस आहे. उभ्या माणसाच्या गालांतला स्राव आपोआप खालीं वाहून जाऊं शकत नाहीं. लव त्याला चढावर ढकलीत नेते. म्हणून दार सुजून बंद झालें, किंवा लव थकली, कीं स्राव आंत सांचतो आणि दुखण्याला आरंभ होतो.

पूर्वींच्या शस्त्रवैद्यांना हें पुरतें उमगलें नव्हतें. न्यूयॉर्कच्या कॉल्डवेल यांनीं १८९३ सालीं व पॅरिसच्या ल्यूक यांनीं १८९७ सालीं जी पद्धति मांडली, तींत वरच्या ओठाच्या आंतून गालाचें हाड उघडून पोकळी साफ करीत आणि नाकांत तळाजवळ नवें दार पाडीत. पाणी खालीं वाहतें, तसा स्रावहि खालच्या दारानें वाहून जाईल, असा त्यांचा सरळ हिशेब. पण लव तो हिशेब मानीत नाहीं. ऑस्ट्रियांतील ग्रात्स येथील मेसरक्लिंगर यांनीं दुर्बिणीनें नाकाचा अभ्यास करून दाखवून दिलें कीं, नवें दार शेजारीं उघडें असलें तरी स्राव त्याला वळसा घालून निसर्गानें नेमलेल्या दाराकडेच जातो. तेव्हांपासून जुनें दार मोकळें करणें आणि निरोगी अस्तराला शक्य तों धक्का न लावणें, हें धोरण ठरलें. अमेरिकेंतील केनेडी यांनीं १९८५ सालीं या पद्धतीला जें नांव रूढ केलें त्याचा अर्थच 'कार्य पूर्ववत् करणारी शस्त्रक्रिया' असा आहे. आज नाकाच्या पोकळ्यांवरील बहुतेक शस्त्रक्रिया याच तत्त्वावर होतात.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. शस्त्रक्रिया दार उघडते. अस्तराचा स्वभाव बदलीत नाहीं. घरांतली मोरी तुंबली म्हणजे तिचें तोंड मोकळें करतां येतें, पण राख आणि खरकटें जाणें चालूच राहिलें तर ती पुन्हां तुंबते. ज्याच्या नाकाला धुळीचें, बुरशीचें वा परागांचें वावडें आहे, त्याचें तें वावडें शस्त्रक्रियेनंतरहि कायम असतें. फरक एवढाच पडतो कीं, पूर्वीं औषध जेथें पोंचत नव्हतें तेथें तें आतां पोंचूं शकतें. शस्त्रक्रियेचा निम्मा लाभ टेबलावर मिळतो. उरलेला निम्मा पुढच्या महिन्यांत घरीं मिळवावा लागतो.

बरें होण्याचा क्रमहि आधीं माहीत असला म्हणजे मन धीर धरतें. पहिला आठवडा-दोन आठवडे नाकांतून रक्तमिश्रित स्राव येतो, खपल्या धरतात, आणि आंतील सुजेमुळें नाक पूर्वींपेक्षांहि अधिक चोंदल्यासारखें वाटतें. या दिवसांत नाक जोरानें शिंकरूं नये, शिंक आल्यास तोंड उघडें ठेवून द्यावी, जड वस्तु उचलूं नये आणि उशी थोडी उंच घ्यावी. खपल्या बोटानें काढूं नयेत. डॉक्टर दुर्बिणीनें पाहून त्या काढतात, आणि यासाठींच त्यांनीं दिलेले दिवस चुकवूं नयेत. न काढलेल्या खपल्यांच्या आड समोरासमोरच्या भिंती एकमेकींस चिकटण्याचा संभव असतो. पुढें सूज ओसरते, परंतु लव पूर्ववत् काम करूं लागण्यास कित्येक आठवडे, कधीं तीन महिन्यांहूनहि अधिक काळ लागतो. तोंवर स्राव दाट राहणें व घशांत उतरणें हें अपयशाचें लक्षण नव्हे. झाडणाऱ्या नोकरानें रजा घेतली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नोकर रजेवर असतां त्याचें काम घरच्यांनीं करावयाचें असतें, आणि तें काम म्हणजे मिठाच्या पाण्यानें नाक धुणें. आपल्याकडे जलनेति पुष्कळांना परिचित आहे, त्यामुळें या उपायाचें नावीन्य वाटत नाहीं. पण परिचयामुळें निष्काळजीपणाहि येतो. एका लिटर पाण्याला सुमारें ९ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड लहान चमचा, आयोडीन नसलेलें स्वच्छ मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा, अथवा दुकानांत मिळणारीं तयार पुडकीं वापरावीं. नुसत्या पाण्यानें नाक झोंबतें; मिठाचें प्रमाण जमलें तर झोंबत नाहीं. पाणी निदान एक मिनिट खळखळून उकळलेलें व मग कोमट केलेलें असावें. नळाचें पाणी पिण्यास चांगलें म्हणून नाकासहि चांगलें, असें समजूं नये. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यांत २०११ सालीं नळाच्या पाण्यानें नेति करणारे दोन रोगी मेंदूस पोंचणाऱ्या एका अमीबाच्या संसर्गानें दगावले. असा प्रकार अतिशय विरळा असला, तरी तो टाळण्यास केवळ पाणी उकळणें पुरें होतें. धुण्याची बाटली वा झारी रोज स्वच्छ करून कोरडी ठेवावी व ती एकाचीच असावी. धुणें केव्हां आरंभावें हें डॉक्टरांस विचारावें. पुढें वांकून, तोंड उघडें ठेवून, पाणी हलक्या दाबानें सोडावें. कांहीं वेळां धुतलेलें पाणी पोकळींत राहतें, आणि तासाभरानें जेवतांना वांकलें असतां एकदम ताटांत टपटपतें. त्यानें घाबरून जाण्याचें कारण नाहीं.

धुतल्यानंतर, डॉक्टरांनीं सांगितला असेल तर, सूज उतरविणारा फवारा मारावा. मान किंचित् पुढें झुकवून, उजव्या हातानें डाव्या नाकपुडींत आणि डाव्या हातानें उजव्या नाकपुडींत फवारा मारला म्हणजे औषध मधल्या पडद्यावर न पडतां बाहेरच्या भिंतीकडे जातें आणि रक्त येण्याचा संभव कमी होतो. या फवाऱ्याचा गुण एका रात्रींत दिसत नाहीं; त्याला आठवडे लागतात. उलट जे थेंब पांच मिनिटांत नाक मोकळें करतात त्यांचाच विश्वास कमी धरावा. असे थेंब तीन ते पांच दिवसांहून अधिक घातले, तर त्यांचा अंमल उतरतांच नाक पूर्वींपेक्षां अधिक सुजतें, आणि रोगी त्या बाटलीचा बंदा होतो. रात्रीं उशाशीं ती बाटली नसली तर झोंप येत नाहीं, अशी ज्यांची स्थिति झाली आहे, त्यांनीं तें डॉक्टरांपासून लपवूं नये. पुष्कळदां शिल्लक राहिलेल्या त्रासाचें मूळ त्या बाटलींतच सांपडतें. वाफेनें क्षणिक बरें वाटतें, पण उकळत्या भांड्यावर वांकून भाजून घेण्यापेक्षां गरम पाण्याच्या स्नानाची वाफ बरी. उदबत्ती, धूप, तंबाखूचा धूर आणि पावसाळ्यांत भिंतींवर चढणारी बुरशी यांपासून नाकाला जपावें.

एवढें करूनहि बारा आठवड्यांनंतर त्रास कायम असेल, तर मात्र कारणांचा शोध घेतला पाहिजे. कोठें अस्तर चिकटून दार पुन्हां बंद झालें असेल. कोठें नैसर्गिक दार आणि शस्त्रक्रियेनें पाडलेलें दार निरनिराळीं राहिल्यामुळें स्राव एकांतून बाहेर पडून दुसऱ्यांतून आंत शिरत असेल. कोठें मांसाचे कोंब पुन्हां वाढले असतील. दमा असलेल्या आणि ॲस्पिरिन न सोसणाऱ्या रोग्यांत हें विशेष घडतें, आणि अशांसाठीं सूज मुळाशींच रोखणारीं टोंचण्याचीं नवीं औषधें अलीकडे निघालीं आहेत. एकाच बाजूला दुर्गंधियुक्त स्राव येत असेल तर वरची दाढ तपासून घ्यावी, कारण तिचें मूळ गालांतील पोकळीला अगदीं लागून असतें. क्वचित् नाकांतील मांसल भाग प्रमाणाबाहेर कापले गेल्यानें नाक मोकळें असूनहि श्वास पुरत नाहीं असें वाटतें. अशा रोग्याची तक्रार 'मनाचा खेळ' म्हणून उडवून लावणें अन्यायाचें आहे.

डोकेंदुखीविषयीं तर निराळाच प्रकार आहे. अमेरिकेंत २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, आपली डोकेंदुखी सायनसची आहे असें समजणारे २,९९१ लोक तपासले. त्यांपैकीं शेंकडा ८८ जणांची डोकेंदुखी अर्धशिशीच्या जातीची निघाली. अर्धशिशींतहि नाक चोंदतें, डोळे पाझरतात आणि गाल दुखतो. अशी डोकेंदुखी नाकाच्या शस्त्रक्रियेनें जाणार नाहीं, आणि ती राहिली म्हणून शस्त्रवैद्याला दोष देण्यांतहि अर्थ नाहीं. तिला तिचें स्वतंत्र औषध आहे.

वास गेल्याचें दुःख दुसऱ्यांस सहसा कळत नाहीं. जेवण मातीसारखें लागतें, दूध नासलेलें ओळखतां येत नाहीं, गॅस गळत असला तरी समजत नाहीं. असें नाक असलेल्याच्या घरीं गॅसची सूचना देणारें यंत्र बसविणें शहाणपणाचें. जर्मनींतील हुमेल यांनीं २००९ सालीं एक साधा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास दिवसांतून दोनदां, लक्ष देऊन, बारा आठवडे घ्यावयाचे. सर्वांनाच गुण येतो असें नाहीं. पण ही सामग्री आपल्या घरांत सहज जमण्यासारखी आहे, आणि तिच्यापासून अपाय तर नाहींच. पुष्कळदां पहिल्यानें लवंगेची पुसट चाहूल लागते, आणि त्या दिवशीं रोग्याच्या चेहऱ्यावर जें दिसतें तें घरच्यांनाहि विसरतां येत नाहीं.

कांहीं लक्षणें मात्र वाट पाहण्याचीं नव्हेत. डोळ्याभोंवतीं सूज, एकाचे दोन दिसणें, दृष्टि मंद होणें, मान ताठून असह्य डोकें दुखणें, जोराचा ताप, न थांबणारें रक्त, अथवा नाक धुतलेलें नसतांहि वांकलें कीं एका नाकपुडींतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत गळणें — मेंदूभोंवतालचा द्रव असा गळूं शकतो — यांपैकीं कांहींहि दिसल्यास त्याच दिवशीं, रात्र असली तरी, रुग्णालय गांठावें. मधुमेही रोग्याच्या एका गालाला बधिरपणा वा नाकांत काळी खपली आली, तर एक दिवसहि दवडूं नये. २०२१ सालीं महाराष्ट्रानें म्युकरमायकोसिसची जी साथ पाहिली, तींत उशिराची किंमत कित्येकांनीं डोळा आणि जबडा देऊन मोजली.

बाकीच्यांसाठीं एक लहानशी वही पुरेशी आहे. तींत रोज चार गोष्टी टिपाव्या: नाक किती चोंदलें, स्राव कसा होता, डोकें दुखलें काय, आणि वास आला काय. माणसाला आजचा त्रास आठवतो, महिन्यापूर्वींचा आठवत नाहीं. वही दोन्ही जपून ठेवते. डॉक्टरांसमोर ती उघडली म्हणजे 'बरें वाटत नाहीं' या मोघम वाक्याऐवजीं कांहीं ठाम बोलतां येतें, आणि घरांतील 'उपयोग काय झाला' या प्रश्नालाहि तिच्यांतून उत्तर मिळतें. कित्येकदां तें उत्तर असें असतें कीं, पूर्वीं महिन्यांतले वीस दिवस वाईट जात, ते आतां सहा जातात. मोसंबीं घेऊन आलेल्या पाहुण्यांना हें उत्तर फारसें रुचणार नाहीं. पण ज्याला रात्रीं नाकानें श्वास घेऊन सहा तास झोंप लागूं लागली आहे, त्याला त्याची किंमत ठाऊक असते.