‘बॅक’ दाबू नका!



भाचीचा प्रवेशअर्ज भरत होतो. चौथ्या पानावर जन्मतारीख चुकल्याचं दिसलं, म्हणून मागे गेलो, तर थेट पहिलं पान आणि कोरा अर्ज! भाची म्हणाली, “मामा, बॅक कशाला दाबलंत?” घरात दोष माझाच ठरला. तो साइट बांधणाऱ्याचा होता, एवढंच आज सांगायचं आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली वेब जगापुढे ठेवलं तेव्हा हिशेब सरळ होता. एक पान, एक पत्ता. दुवा दाबला की ब्राउझर सर्व्हरकडे पान मागणार, सर्व्हर अख्खं पान धाडणार. दर वेळी पडदा क्षणभर पांढरा व्हायचा खरा. पण मागे जाणं, खूण करून ठेवणं हे फुकटात मिळायचं.

२००४ मध्ये जीमेल आलं आणि ब्राउझरमध्ये अख्खं अ‍ॅप चालू शकतं हे लोकांना पटलं. पान एकदाच आणायचं, पुढे आतला मजकूर जावास्क्रिप्टने बदलायचा. मात्र पत्ता जागचा हलला नाही, तर बॅक दाबल्यावर माणूस साइटबाहेरच पडतो! मग प्रोग्रामरांनी पत्त्यातल्या हॅशला, म्हणजे # या चिन्हाला, हाताशी धरलं. हॅशच्या पुढचा मजकूर ब्राउझर सर्व्हरला कळवतच नाही. पोस्टमन सोसायटीच्या फाटकापर्यंत येतो, खोली कुठली ते आतल्यांनी बघायचं, तसं हे. सर्च इंजिनांना त्या खोल्या दिसेनात, म्हणून गूगलने २००९ मध्ये हॅशपुढे उद्गारचिन्ह लावण्याची तोड काढली. ट्विटरने ती उचलली, पण २०१२ मध्ये सोडून दिली आणि पहिलं पान पुन्हा सर्व्हरवर तयार करायला सुरुवात केली. २०१५ मध्ये खुद्द गूगलनेही ती शिफारस मागे घेतली.

तोवर ब्राउझरांना ‘पुशस्टेट’ आलं होतं. पान नव्याने न आणता पत्ता बदलता येऊ लागला, हॅशची गरज सरली. यात एक खोच आहे. तुम्ही रिफ्रेश केलंत की ब्राउझर तोच पत्ता घेऊन सर्व्हरकडे जातो, आणि असं पान सर्व्हरपाशी नसतंच. ‘कुठलाही पत्ता आला तरी मुख्य पान दे’ असं त्याला बजावलेलं नसेल, तर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. प्रोग्रामरच्या स्वतःच्या यंत्रावर ही सोय बहुधा आधीच असते, म्हणून चूक त्याला दिसत नाही. ती आपल्याला दिसते.

२०१६ मध्ये आलेल्या नेक्स्ट.जेएससारख्या चौकटी दोन्हींची सांगड घालतात. पहिलं पान सर्व्हरवरून, पुढचा प्रवास ब्राउझरमध्ये. चांगलं आहे, पण एकाच साइटचे दोन संसार सांभाळावे लागतात.

माझं मत विचाराल तर नकाशा, मेल, जिथे माणूस तासन्‌तास ठाण मांडतो, तिथे ब्राउझरमधलं रूटिंग, म्हणजे पत्ते ब्राउझरनेच हाताळणं, शोभतं. वर्तमानपत्र, ग्रंथालयाची यादी, सरकारी अर्ज यांना १९९१ची साधी रीतच बरी. तिथे चकचकीतपणासाठी पत्ता मोडणं हा मला निव्वळ हौसेचा मामला वाटतो.

मंडळी, आज घरी गेल्यावर आपापल्या संस्थेची साइट उघडा. तीन पानं आत जा, रिफ्रेश करा, मग तो पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला तरी पाठवा. त्यांच्याकडे मुखपृष्ठ उघडलं, तर साइट बांधणाऱ्याला उद्याच फोन करा.