टीव्हीच्या बातम्या आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापनदिनी, म्हसावद येथे केलेलं भाषण)



विहाराच्या कार्यक्रमात टीव्हीवर कशाला बोलता, असं काही तरुणांनी आम्हाला विचारलं. त्याचं कारण सरळ आहे. संध्याकाळी वंदनेला जेवढी माणसं इथं जमतात, त्याच्या कितीतरी पट माणसं त्याच वेळेला टीव्हीपुढं बसलेली असतात. मग त्या डब्यातून आपल्या घरात काय येतं, हे पाहायला नको का? आम्ही सूतगिरणीतले कामगार. शाळेत थोडं शिकलो, बाकीचं पाळी संपवून घरी आल्यावर वाचलं. तेव्हा पंडिती भाषा आमच्याकडून होणार नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या लहानपणी टीव्ही म्हणजे एखाद्याच्याच घरी, आणि सातच्या मराठी बातम्या अख्खी आळी ओट्यावर बसून बघायची. त्यात मंत्री उद्घाटन करायचे, हार घालायचे. २००० साली ईटीव्ही मराठी आली, जिल्ह्याजिल्ह्याच्या बातम्या दिसायला लागल्या. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा या चोवीस तासांच्या मराठी वाहिन्या निघाल्या. म्हणजे तेव्हा काही मिनिटं होती, आता रात्रंदिवस आहे. बातमीचा वेळ एवढा वाढला, त्यात आपल्या वाट्याला किती आला, हा आमचा प्रश्न आहे.

निवडणुकीचंच घ्या. विधानसभेचे २८८ मतदारसंघ. त्यात अक्कलकुवा क्रमांक एक, आपला शहादा क्रमांक दोन, नंदुरबार तीन, नवापूर चार. लोकसभेच्या यादीत तर नंदुरबारच पहिलं. महाराष्ट्राची मोजणी आपल्यापासून सुरू होते! पण २३ नोव्हेंबर २०२४ ला निकालाच्या दिवशी सकाळपासून बसून पाहा म्हटलं, तर बारामती, वरळी, ठाणे पुन्हा पुन्हा, आणि आपली चार नावं खालच्या पट्टीतून सरकून गेली. शेजारच्या एका आजीबाई म्हणाल्या, "भाऊ, आपलं गाव कव्हय दखाडतीन?" आम्ही काय सांगणार?

आता सुरतेची गोष्ट ऐका. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार फुटून सुरतेच्या हॉटेलात गेले. २१ जूनचा दिवसभर हॉटेलचं फाटक, आत-बाहेर करणाऱ्या गाड्या, बाहेर उभे पोलीस, हेच चालू होतं. पुढं मंडळी गुवाहाटीला गेली, ३० जूनला नवीन सरकारनं शपथ घेतली. ही मोठी बातमी होती, ती दाखवायलाच पाहिजे होती. परंतु सुरत आम्हाला काय नवीन आहे? दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीची माणसं मुकादमाची उचल घेऊन बारडोली-सुरतेकडे निघतात. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, लेकरं. लेकरांची शाळा तिथंच तुटते. हे दर वर्षी होतं. त्या ट्रकमागं कॅमेरा घेऊन गेलेली गाडी आमच्या पाहण्यात नाही. आमदार सुरतेला गेले तर राज्य हलतं आणि मतदार गेले तर गावची यात्रासुद्धा थांबत नाही.

कॅमेरा आपल्याकडं येतच नाही असं मात्र म्हणू नका. २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच शहादा तालुक्यात टेंभलीला आला होता. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आल्या, देशातला पहिला आधार क्रमांक टेंभलीच्या एका बाईला दिला. त्या दिवशी देशभर टेंभली दिसली. मंडप निघाला तसे कॅमेरेही निघाले.

हीच तारीख, २९ सप्टेंबर, आम्हाला दुसऱ्या कारणानं विसरता येत नाही. २००६ साली त्याच तारखेला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं, आई, मुलगी आणि दोन मुलं, मारली गेली. सुरुवातीचे काही आठवडे मोठ्या वाहिन्यांना ही बातमी जवळजवळ दिसलीच नाही. नोव्हेंबरात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कॅमेरे आले. आणि कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर ३० नोव्हेंबरला उल्हासनगरला डेक्कन क्वीनचे डबे जळाले, ते दृश्य मात्र किती वेळा दाखवलं! गाडी जाळणं बरोबर होतं, असं आम्ही म्हणत नाही. पण परगावच्या माणसाच्या मनात त्या वर्षाचं काय राहिलं? जळती गाडी. सुरेखाताई भोतमांगे कोण, त्यांची जमीन कुठली, तक्रार काय होती, हे विचारलं तर दहातले आठ गप्प बसतील.

हे असं का होतं, याचा आम्ही थोडा शोध घेतला. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारी नसतो. बातमी लागली तर पैसे, नाही लागली तर पेट्रोल त्याच्या खिशातलं. त्याला तोरणमाळपासून नवापूरपर्यंत धावायचं असतं. एका गिरणीत आमच्या सोबत्याची बोटं मशीनमध्ये गेली, तेव्हा आम्ही अशाच एका वार्ताहराला फोन केला. पोरगा भला होता. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "काका, व्हिज्युअल आहे का?" रक्ताचा फोटो नव्हता, म्हणून बातमी नव्हती. धडगावकडच्या पाड्यांवरून बाळंतीण बाईला बांबूच्या झोळीतून आणतात, ते दाखवतात, कारण त्यात दृश्य आहे. दाखवतात ते चांगलंच करतात, अधिकारी हलतो. पण तो रस्ता कधी मंजूर झाला होता, पैसे कुठं गेले, याचं दृश्य नसतं. ते कागदात असतं, आणि कागद बघायला वेळ लागतो.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढलं, ते दुसऱ्याच्या पत्रात आपलं म्हणणं येत नाही म्हणूनच. त्यांनी रडगाणं गायलं नाही, स्वतःचं पत्र काढलं. आपल्याला वाहिनी काढता येणार नाही, पण वही तर ठेवता येईल?

तेव्हा विहार समितीपुढं आमची मागणी आहे. विहारात एक जाड नोंदवही ठेवा. वस्तीत जे घडेल ते त्यात तारीख, वेळ, ठिकाण आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांसह लिहा. रेशन आलं नाही, नळाला पाणी नाही, ऊसतोडीला किती घरं गेली, किती मुलांची शाळा सुटली, कुणाला कुठं अडवलं, सगळं लिहा. चांगलंही लिहा, आपली मुलगी नर्स झाली तर तेही. दोन-तीन शिकलेल्या पोरा-पोरींनी मोबाइलवर फोटो काढताना तारीख आणि गाव बोलून ठेवावं, आणि तो शहाद्याच्या सगळ्या वार्ताहरांना एकाच वेळी द्यावा, एकट्या ओळखीच्याला नको. आणि मोबाइलवर आलेला व्हिडिओ कुठला, केव्हाचा, हे कळल्याशिवाय पुढं पाठवू नका. जुन्या दंगलीचं चित्र कालचं म्हणून फिरलं, की पोलीस आधी आपल्याच दारात येतात.

वही आम्ही आजच आणली आहे. दोनशे पानांची आहे. पहिल्या पानावर आजची तारीख घातली आहे. यंदा वस्तीतून कोयत्याला किती घरं निघाली, तेवढं सभा संपल्यावर दाराशी थांबून सांगून जा.

जयभीम!