इंजिनाची हौस आणि विम्याचा हिशेब



मोटारीच्या इंजिनाची ताकद वाढविणे परवडते काय? हौसेला मोल नसते म्हणतात. विम्याला मात्र मोलावाचून दुसरी भाषा ठाऊक नाही. आपल्याकडे गाडीचे विमामूल्य कारखान्याच्या जाहीर किंमतीतून घसारा वजा करून ठरते. पाचव्या वर्षी हा घसारा ५० टक्के. इंजिनावर ओतलेला पैसा त्यात दिसतच नाही. शिवाय, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. विमा हा विश्वासाचा करार. बदल लपविला, तर ऐन अपघातानंतर दावा फेटाळला जाण्याची धास्ती. म्हणून आधी परवानगी, मग विमा कंपनीस लेखी सूचना, आणि शेवटी कारागीर. हा क्रम साधत नसेल, तर हौस आवरलेली बरी.