पक्षाघातानंतरचे सहा महिने



दसरा-दिवाळी उलटली की गेवराई तालुक्यातील अनेक वाड्या-वस्त्या निम्म्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. पतिपत्नींच्या जोडीस या व्यवसायात ‘कोयता’ म्हणतात. दोघांपैकी एकजण मागे राहिला तर कोयता मोडतो आणि उचल अंगावर राहते. गावी उरतात ती म्हातारी माणसे व त्यांच्या भरवशावर ठेवलेली मुले. अशा घरात एखाद्या आजोबांच्या अंगावरून वारे गेले, तर त्यांचा लुळा हात दिवसातून शेकडो वेळा हलवून कोणी घ्यायचा? पक्षाघाताच्या पुनर्वसनाचा सारा प्रश्न या एका वाक्यात आहे.

‘वारे गेले’ असे म्हणण्याची रीत असली तरी यात वाऱ्याचा काही संबंध नाही. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले की १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि तेही सी. टी. स्कॅन झाल्यावर. कबुतराच्या रक्ताने अंग चोळण्यात हेच तास वाया जातात.

जीव वाचल्यानंतरचे काम मात्र दीर्घ आहे. मेंदूचे शाबूत भाग निकामी भागाचे काम काही अंशी शिकून घेतात. हे शिकणे पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पुढे मंदावते. आणि ते होते पुनरावृत्तीने. अमेरिका व कॅनडातील फिजिओथेरपीच्या वर्गांची २००९ साली पाहणी झाली, तेव्हा एका बैठकीत हाताच्या उपयुक्त हालचाली सरासरी ३२ च भरल्या. या उणिवेवर यंत्राचा उतारा शोधला गेला.

यंत्रमानव म्हटले म्हणजे लोखंडी माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. येथे तसे काही नसते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत नेव्हिल होगन व हर्मानो इगो क्रेब्स यांनी घडविलेल्या ‘एमआयटी-मानस’ या यंत्रास केवळ एक दांडा असतो. रुग्णाने तो धरून पडद्यावरील ठिपक्याकडे न्यायचा. हात स्वतः चालला तर यंत्र आड येत नाही. अडला तर हळूच पुढे नेते. ते थकत नाही, कंटाळत नाही आणि त्यास कारखान्यावरही जायचे नसते!

तथापि यंत्राचे मोल पारखून घेतलेले बरे. झटक्यास सहा महिने उलटून गेलेल्या १२७ माजी सैनिकांवर अमेरिकेत जो प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. यंत्राने एका बैठकीत हजारावर हालचाली करवून घेतल्या. छत्तीस आठवड्यांअखेर नेहमीच्या उपचारापेक्षा लाभ थोडा अधिक दिसला. पण तितक्याच नेटाने माणसाने करवून घेतलेल्या व्यायामाहून यंत्र सरस ठरले नाही. ब्रिटनमधील ७७० रुग्णांच्या २०१९ च्या चाचणीत तर दैनंदिन कामातील हाताच्या वापरात यंत्र नेहमीच्या उपचारापुढेही गेले नाही. चालण्याच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे. ज्यांना पहिल्या तीन महिन्यांत चालताच येत नाही, त्यांना फिजिओथेरपीच्या जोडीला यंत्र मिळाल्यास स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते.

म्हणजे गुण लोखंडाचा नव्हे, पुनरावृत्तीचा. मग घरच्यांनाच शिकवावे, असे कोणी म्हणेल. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर ही कल्पनाही तपासली गेली. नातेवाइकांना शिक्षण दिले, काही गृहभेटीही झाल्या. परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबित्व कमी झालेले आढळले नाही. सारा भार घरच्यांवर टाकून भागत नाही, एवढे यावरून दिसते. आणि गेवराईत तर घरचेच फडावर असतात.

यास्तव मोठी यंत्रे शहरांत राहोत. तालुक्याच्या गावी हवी ती नियमित येणारी, रुग्णास नावाने ओळखणारी फिजिओथेरपिस्ट. तिच्या हाताखाली एखादे लहान यंत्र आले तर एकाऐवजी तीन-चार रुग्ण एकाच वेळी सराव करू शकतील. वेल्लोरचे ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय व आय. आय. टी. मद्रास यांनी मिळून ‘प्लूटो’ नावाचे असे यंत्र मनगट व बोटांसाठी बनविले आहे. ते उचलून नेता येते.

तोवर घरी उरलेल्या आजीने एवढे करावे. आजोबांना उठविताना लुळा हात धरून ओढू नये. खांदा निखळतो व दुखणे जडते. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून, धडधाकट हाताच्या आधाराने लुळा हात दुखणार नाही इतपत पुढे न्यावा आणि मागे आणावा. मोजायला नातू आहेच. शंभरापर्यंतचे आकडे त्याचेही पक्के होतील.